धुरपताबाई जामीन राहिली

गडचिरोलीच्या बाजारात मुरमुऱ्यांची भट्टी चालवणारी धुरपताबाई गावात कोणावरच विश्वास ठेवत नसे, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून बघायची. देवळातला प्रसाद कोणी घरी आणून दिला तर आधी आणणाऱ्याचं तोंड न्याहाळायची आणि मग हात पुढे करायची. घरात कोपऱ्यात तिची तांदळाची रास असे. रोज संध्याकाळी ती हाताचा पंजा राखेत बुडवून राशीवर चारी बाजूंनी ठसे उमटवायची, म्हणजे कोणी मूठभर जरी काढला तरी ठसा मोडावा आणि सकाळी कळावं. घरात ती एकटीच होती. नवरा तापाने गेल्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

या स्वभावाची किंमत तिने मोजली होती. एकदा तिच्या चांदीच्या पाटल्या दिसेनात, तेव्हा तिने घरी आलेल्या नणंदेचं गाठोडं सगळ्यांसमोर सोडायला लावलं. पाटल्या नंतर भट्टीमागच्या कोंड्यात सापडल्या. नणंद पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. धुरपताबाईला कोणी त्याबद्दल बोललं, तर ती म्हणायची, "सापडल्या ते खरं. पण कोंड्यात कोणं टाकल्या, ते कुठी सापडलं?"

मी तेव्हा तहसील कचेरीत नवा कारकून होतो. फौजदारी मामल्यांच्या दिवशी मॅजिस्ट्रेट साहेबांच्या टेबलाशेजारी बसून लिहिण्याचं काम माझ्याकडे असे. माझी भाड्याची खोली बाईच्या भट्टीसमोर होती. पहिलं वर्षभर तिने माझ्यावरही नजर ठेवली. कचेरीचा माणूस इथे, बाजारात, कशाला राहतो, हे तिला पटत नव्हतं.

लालसू पहिल्यांदा कचेरीत आला तो तिच्याच तक्रारीवरून. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातलं ते पोर. आई मेलेली, बाप बांबू तोडायच्या कामावर गेला तो परतलाच नव्हता. बाजाराच्या रिकाम्या छपरांखाली ते झोपायचं. वय असेल बारा-तेरा. बाईच्या टोपलीतले मुरमुरे कमरेच्या फडक्यात भरताना तिने त्याचं मनगट धरलं आणि तसंच धरून चौकीवर नेलं.

छड्यांची शिक्षा तेव्हा अजून कायद्यात होती. पुढच्याच वर्षी ती गेली. मॅजिस्ट्रेट पांढरीपांडे साहेबांनी ती लिहिली, पण खाली सही करताना त्यांचा हात बराच वेळ कागदावर राहिला. कचेरीमागच्या अंगणात सरकारी डॉक्टरांसमोर छड्या मारल्या गेल्या. धुरपताबाई बघायला आली होती. शिपाई हळू मारेल असा तिला संशय होता.

शिपाई हळू मारत नव्हता. पण पोर रडलं नाही. अंग आकसून घेतलं, डोळे मिटले आणि संपेपर्यंत तसंच राहिलं. परतताना बाई माझ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"भाऊ, हा रडला काऊन नाई?"

"कोडगा असेल," मी म्हणालो.

"कोडगा नाई. त्याले सवय हाय. कोणी तरी याले रोज मारून राह्यलं. कोण, ते पाहा लागंन."

मला ते तिच्या नेहमीच्या शंकांपैकीच एक वाटलं.

दुसऱ्या वेळी लालसूने एका दुकानातून गुळाचा खडा उचलला. छड्यांचा काही उपयोग झाला नव्हता, हे उघडच होतं. साहेबांनी या वेळी त्याच्या काकाला धानोऱ्याकडून बोलावून घेतलं, दोघांना समज दिली आणि पोर काकाच्या हवाली केलं. काकाने हात जोडले. पुढच्याच रविवारी, भर बाजारात, काका त्याला छपराखाली बसवून निघून गेला. त्याची स्वतःचीच लेकरं उपाशी होती.

तिसरी वेळ वेगळी होती. किराणा दुकानदार गुणवंतराव यांच्या परसातून पाणी भरायचा तांब्याचा मोठा गुंड गेला आणि लालसू झोपायचा त्या छपरामागे धानाच्या तणसाच्या ढिगात तो सापडला. चौकीवरच्या मुखरू जमादाराने पोराला समोर उभं केलं. लालसूला तेव्हा मराठी जेमतेम कळायची, म्हणून कचेरीचा शिपाई चैतू त्याच्याशी गोंडीत बोलला.

"हो म्हणते, साहेब," चैतू म्हणाला. "पण बैल चोरला का म्हणून मी इचारलं, त्यालेबी हो म्हणते."

साहेबांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. मला म्हणाले, "छड्या झाल्या. समज झाली. आता माझ्याकडे जबलपूरची सुधारशाळा उरते. तिथे जाऊन हा सुधारेलही. पण याला ना त्यांची भाषा येते, ना आपली. आणि नाही पाठवला, तर गुणवंतराव म्हणतील, तीनदा पकडून तिन्ही वेळा सोडला. त्यांचंही चूक नाही. गावाची भांडी जातायत."

धुरपताबाईला साक्षीला बोलावलं होतं, कारण त्या दिवशी सकाळी तिने लालसूला छपरामागे पाहिलं होतं. तिने ते सांगितलं. मग विचारलं नसताना पुढे बोलली.

"साहेब, हा खायाचं चोरते. माह्या घरचं चोरलं तवाबी खायाचंच होतं. गुंड घेऊन हा करन काय? इकन कोणाले? गावात हा गुंड धरून निंगाला असता, तर पहिले मीच धरला असता याले."

"म्हणजे त्याने चोरला नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"तसं कुठी म्हणतो मी? चोरला असंन. पण कोणासाठी, ते इचारा."

चैतूने विचारलं. पोराने मान खाली घातली. एवढा वेळ सगळ्याला हो म्हणणारं पोर या एकाच प्रश्नाला काहीच म्हणेना. साहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"याची जबाबदारी घेणारं कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं असावं. गुणवंतराव भिंतीकडे बघू लागले.

"मी घेतो," धुरपताबाई म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो.

साहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "बाई, तुमचीच चोरी याने पहिल्यांदा केली. तुमचा याच्यावर भरवसा आहे?"

"काहीच नाई, साहेब."

"मग?"

"भरोसा ठेवला तर माणूस डोळे मिटून झोपते. काकानं तेच केलं. मी नाई झोपणार."

कोणीतरी मागे हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी हुकूम केला की पोर वर्षभर बाईकडे राहील, ती दर महिन्याला त्याला कचेरीत हजर करील, आणि या काळात त्याने पुन्हा चोरी केली तर ती बाईने स्वतः येऊन सांगायची, मग जबलपूर. बाईने अंगठा उठवला. जाताना तिने चैतूला विचारून खात्री करून घेतली की साहेब जे बोलले तेच कागदावर आहे.

घरी नेल्यावर तिने लालसूला ओसरीवर जागा दिली आणि दाराला आतून कडी घातली. सकाळी तो उठला की त्याची घोंगडी झटकून बघायची. भट्टीवर त्याला कोंडा टाकायला बसवलं, पुढे खापरातली वाळू हलवायला शिकवलं, पण मुरमुरे भरायचं काम महिनोन्‌महिने स्वतःकडेच ठेवलं. पोटाला मात्र कमी पडू दिलं नाही. "भुकेला पोट्टा चोरते, हे मले माहीत हाय," ती म्हणायची. "पोट भरल्यावर चोरते का, ते आता पाहाचं."

गावात कोणाचंही काही हरवलं की लोक तिच्या दारात यायचे. ती त्यांच्यासमोर लालसूची झडती घ्यायची, अगदी कमरेच्या फडक्यापर्यंत. काही निघालं नाही की म्हणायची, "आता चला तुमच्या घरी. तुमच्या घरातले माणसंबी पाहून घेऊ." मग लोक यायचे कमी झाले.

लालसू मराठी शिकला. मुरमुरे फुटायला आले की वाळूचा आवाज कसा बदलतो, हे त्याला लवकर कळलं. बाईने हे माझ्याजवळ कबूल केलं, पण लगेच म्हणाली, "लवकर शिकते, म्हणजे डोकं चालते. डोकं कुठी कुठी चालते, ते पाहा लागते."

पावसाळा सरला आणि एके दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. मला घरात बोलावून तिने राशीवरच्या ठशावर आपला पंजा ठेवून दाखवला. ठसा तिच्या पंजापेक्षा लहान होता. बोटं आखूड, तळवा अरुंद.

"मी पहाटे भट्टी पेटवाले जातो, तवा तांदूळ काढते आणि आपल्या हातानं ठसा मारते," ती हळू आवाजात म्हणाली. "बोलू नोको कोणाजवळ."

"विचारलंत त्याला?"

"इचारलं तर नाई म्हणंन. कुठी नेते, ते पाहाचं हाय मले."

तिचा पहिला संशय गेला मुखरू जमादारावर. लालसूच्या अंगावर तेव्हा एक जुना खाकी सदरा दिसू लागला होता, बाह्या कापून लहान केलेला. जमादार पोराकडून तांदूळ घेतो आणि बदल्यात त्याला पाठीशी घालतो, असं तिने मनाशी पक्कं केलं, आणि मनात ठेवणं तिला जमत नसल्यामुळे बाजारातल्या दोन बायकांना सांगून टाकलं. गोष्ट जमादाराच्या कानावर गेली. तो भट्टीवर आला.

"बाई, पोट्टा थंडीत कुडकुडून राह्यला होता. माह्या घरचा फाटका सदरा देल्ला. त्याच्यासाठी मी तांदूळचोर झालो?"

तो ओरडला नाही. मुरमुरे घ्यायचे होते ते न घेताच गेला. पण धुरपताबाईचा संशय गेला नाही. फक्त जमादारावरून उठून दुसरी जागा शोधू लागला.

रविवारी तिने भट्टी लालसूवर सोपवली, चामोर्शीच्या बाजूने आलेल्या पाहुणीला भेटायला जाते म्हणाली, आणि मडक्यांच्या दुकानाआड जाऊन बसली. बाजार भरात असताना लालसू उठला. कमरेला फडक्यात काही बांधलेलं होतं. तो बैलबंड्या सोडतात त्या मैदानाकडे गेला. तिथे लटारू आपल्या बंडीच्या साटीवर बसून पान खात होता. लालसूने फडकं सोडलं. लटारूने त्याच्याकडे न बघता चुंगडीचं तोंड उघडलं, तांदूळ आत घेतले आणि पायाने त्याला जा म्हणून खूण केली.

लटारू बंडीवाला म्हणजे सगळ्या गावचा विश्वासू माणूस. त्याची बंडी वैनगंगा ओलांडून मूल गावच्या स्टेशनपर्यंत धान-तांदूळ न्यायची. बाईच्या नवऱ्याला ताप भरला तेव्हा त्यानेच बंडी जुंपून त्याला दवाखान्यात नेलं होतं. तिच्या मुरमुऱ्यांची पोती तोच वर्षानुवर्षं नेत होता. ती पोती तिने कधी उघडून बघितली नव्हती. साऱ्या गडचिरोलीत तिने ज्याच्यावर संशय घेतला नव्हता असा हा एक माणूस.

ती घरी आली आणि तिने भट्टी विझवली. बाजाराचा दिवस असून विझवली. मी खोलीतून पाहिलं, ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि लालसू समोर उभा होता. तिने मला हाक मारली. साक्षीला कोणीतरी हवं, असं तिला वाटलं असावं.

"लटारूले तांदूळ काऊन देतं?" तिने विचारलं.

लालसूने कमरेचं फडकं चाचपलं.

"मी पाह्यलं."

"पाह्यलं तर इचारून काऊन राह्यली?"

"तुह्या तोंडून आयकाचं हाय. मी पाह्यलं ते अर्धंच असंन."

मग तो बोलू लागला, तुटक तुटक, मध्ये गोंडी शब्द घालत. बाजारात पहिल्यांदा आला तेव्हा लटारूनेच त्याला भात दिला होता. मग बैलांच्या चाबकाने मारलं होतं. मग लोकांच्या परसाच्या भिंतीवरून आत चढवलं होतं. तो चढून भांडी बाहेर द्यायचा, ती बंडीत कोंड्याच्या चुंगड्यांखाली मूलला जायची. गुणवंतरावांचा गुंड बंडी निघेपर्यंत तणसात ठेवला होता आणि तेवढ्यात सापडला. कचेरीत नाव घेतलंस तर जबलपूरला साखळीत बांधून टाकतील, असं लटारूने सांगितलं होतं.

"आणि आता? आता तर माह्या घरी हायेस."

"म्हणते, तांदूळ आण. नाई तर साहेबाले सांगीन, पोट्टा अजून चोरते. साहेब तुह्यं आयकंन का माह्यं?"

बाईने विझलेल्या भट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं हाय. साहेब त्याचंच आयकंन. मीबी आयकलं असतं."

महिन्याची हजेरी तोंडावर आली होती. पोराने चोरी केली का, हे साहेब विचारणार होते. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तांदूळ तुमचेच. तुम्ही तक्रार केली नाही तर चोरी झालीच नाही. काही नाही केलं म्हणा आणि वर्ष पुरं होऊ द्या. लटारूचं नंतर बघू."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला वाटलं आता माझी झडती होते. "तू कचेरीत बसतं, आणि मले खोटं बोलाले सांगतं? आज मी खोटं बोललो, तर उद्या खरं सांगाले गेल्यावर कोण मानंन? आणि हा पोट्टा काय शिकंन? कचेरीत बाईनंबी झाकलं, हेच ना?"

हजेरीच्या दिवशी तिने सगळं सांगितलं. पोराने चोरी केली, माझ्या घरी केली, किती तरी वेळा केली. ठशाची गोष्ट सांगितली. मग लटारूचं नाव घेतलं. लालसू तिच्या शेजारी उभा होता. साहेबांनी त्याला जवळ बोलावलं आणि सावकाश एकेक विचारलं. ज्या घरांची नावं कोणी विचारली नव्हती तीही त्याने सांगितली.

सरकारी वकील उठून म्हणाले, "साहेब, आता चोऱ्या तीन राहिल्या नाहीत, कितीतरी झाल्या. हुकूम मोडल्याचं जामीनदारीणच सांगते आहे. आणखी कशाची वाट बघायची?"

साहेबांनी लगेच निकाल दिला नाही. त्यांनी मुखरू जमादाराला बोलावलं. लटारूची बंडी त्याच दिवशी सकाळी मूलकडे निघाली होती. जमादार बाहेर पडताना धुरपताबाईच्या शेजारून गेला. तिने सरकून त्याला वाट दिली. त्याने नदीच्या घाटावर बंडी गाठली. डोंग्याची वाट बघत लटारू निवांत बसला होता. कोंड्याच्या चुंगड्यांतून दोन घंगाळी आणि एक समई निघाली. समई देवळातली होती.

खटला चालला, लालसूने साक्ष दिली आणि लटारू चांद्याच्या तुरुंगात गेला. गावात पुष्कळांना ते खरंच वाटेना. काही जण म्हणाले, बाईने आपल्या चोराला वाचवायला भल्या माणसाला गुंतवलं. तिचं गिऱ्हाईक काही महिने तुटलं.

लालसूच्या बाबतीत साहेबांनी निकालाआधी मला विचारलं नाही, पण मोठ्याने विचार करायची त्यांना सवय होती. "राज्यं बदलली, जबलपूर आता दुसऱ्या राज्यात गेलंय," ते म्हणाले. "पण ते कारण मला वापरायचं नाही. पहिल्या दिवशी मी या पोराला, कोणासाठी चोरलं, हे विचारलं असतं, तर या छड्या कदाचित पडल्या नसत्या. वकील म्हणतात चोऱ्या वाढल्या. वाढल्या, कारण त्याने सांगितल्या." त्यांनी आणखी एक वर्ष पोर बाईकडे ठेवलं. निकाल वाचून झाल्यावर बाई म्हणाली, "साहेब, माहा अजून भरोसा नाई याच्यावर."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही जशा बघत होता तशाच बघत राहा."

हे सगळं सगळीकडे जमतं असं मात्र नाही. त्याच वर्षी कुरखेड्याकडचा लच्छू नावाचा एक मुलगा दुसऱ्यांदा कचेरीत आला, तेव्हा साहेबांनी तोच मार्ग धरला. आरमोरीच्या एका भल्या विणकराकडे त्याला ठेवलं. विणकराने त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं, घराच्या किल्ल्या दिल्या, आणि पंधरवड्यात लच्छू नवी लुगडी घेऊन पसार झाला. गुणवंतरावांनी ही गोष्ट चावडीवर पुष्कळ दिवस रंगवून सांगितली. साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी ते लच्छूबद्दलच विचारत होते, तो सापडला का म्हणून. तो सापडला नव्हता.

लालसू बाईकडे मुदतीनंतरही राहिला. जा असं तिने म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. मिसरूड फुटल्यावर त्याने भट्टीत वाटा मागितला, तो तिने साफ नाकारला, आणि आठवड्याने चामोर्शीच्या बाजारात त्याला वेगळी भट्टी घालून दिली. एका घरात दोन मालक नकोत, म्हणाली. मधल्या काळात एकदा ती मुखरू जमादाराच्या घरी मुरमुऱ्यांची टोपली घेऊन गेली होती, हे मला जमादाराच्या बायकोकडून कळलं. तिथे ती काय बोलली ते कोणी सांगितलं नाही.

माझी बदली एकोणसाठ साली झाली. जाण्याआधी कामानिमित्त चामोर्शीला गेलो, तर बाजारात लालसूची भट्टी जोरात चालली होती. पलीकडे एका बंडीच्या सावलीत धुरपताबाई बसलेली दिसली. सकाळच्या बंडीने न सांगता आली होती. मी शेजारी बसलो. लालसू गिऱ्हाइकाशी बोलत होता, पांढऱ्या टोपीतला कोणी माणूस, बराच वेळ.

"भाऊ, तो कोण हाय?" तिने विचारलं. "मघापासून बोलून राह्यला त्याच्याशी."

मी चौकशी करून आलो आणि सांगितलं की तो शाळेवर आलेला नवा मास्तर आहे.

तिने मान हलवली, पण जागची उठली नाही.